उसन्या जर्सीतल्या मॅचेस

शनिवारी सकाळी वारा ताशी अठरा मैल होता. माझ्या नवऱ्याने, गिरीशने, तो आकडा फोनवर तीनदा पाहिला. आमच्या व्हॅनच्या टपावर बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच असा क्रेप कागदाचा बॅनर गुंडाळून बांधलेला होता, आणि ट्रॉयमधल्या आमच्या घरापासून मैदान सात मैलांवर होतं.

"पस्तीसच्या वर जाऊ नकोस," मी म्हटलं.

"पन्नासला पण काही होणार नाही. मी बांधलाय."

बॅनर आमच्या मुलासाठी होता. शंतनू अडतीस वर्षांचा आहे आणि सोळा वर्षं ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतोय. इथे अमेरिकेत हा खेळ फारसा कुणाला माहीत नाही. अंड्यासारखा चेंडू असतो. तो लाथेने उडवतात किंवा मुठीने ठोसून साथीदाराला देतात, पळताना मधूनमधून जमिनीवर आपटावा लागतो, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून गेला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे थोडक्यात चुकलं तरी एक गुण मिळतो. मला या खेळात पहिल्यांदा आवडलं ते हेच.

या खेळात एक प्रथा आहे. खेळाडूची शंभरावी मॅच असली की त्याच्या माणसांनी कागदाचा मोठा बॅनर करायचा, मैदानाच्या कडेला उभा धरायचा, आणि खेळाडूने तो फाडून पळत आत यायचं. नंतर क्लबच्या शेडमधल्या लाकडी फळीवर त्याचं नाव रंगवतात. शंतनूच्या क्लबचं नाव लून्स. त्या फळीवर सहा नावं होती.

शंतनूच्या नव्याण्णव झाल्या होत्या. ही मोसमातली शेवटची मॅच होती आणि पुढच्या मंगळवारी त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर चाला, पोहा, पण हे नाही. त्यामुळे शंभर व्हायच्या तर आजच.

तो मोठा खेळाडू कधीच नव्हता. सोळा वर्षांत त्याचे गोल अकरा. कॉलेज संपल्यावर पहिली नोकरी लागली, तेव्हा ऑफिसमधल्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने "आम्हाला एक जण कमी पडतोय" म्हणून त्याला मैदानावर नेलं. मला वाटतं त्याची पुढची सगळी कारकीर्द त्याच वाक्यावर झाली. ट्रॉयमध्ये अठरा मॅचेस खेळला. नोकरी जर्सी सिटीला गेली तर तिथल्या क्लबात चोवीस. मग लग्न झालं, चारुताला प्लेनोला जॉब मिळाला, तर टेक्ससच्या उन्हात तीस. अनिका झाल्यावर दोघं परत इकडे आले, तेव्हापासून सत्तावीस. सगळीकडे तो मागच्या फळीत उभा राहायचा. समोरच्या टीमच्या चांगल्या खेळाडूला चिकटून राहायचं आणि त्याचा दिवस खराब करायचा, हे त्याचं काम.

हे आकडे मला माहीत आहेत, कारण ते माझ्याच वहीत आहेत. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये होते. त्याची पहिली मॅच बघायला गेले तेव्हा नियम कळेनात, म्हणून जे मोजता येईल ते लिहिलं. किक किती, झेल किती, मुठीने दिलेले पास किती, हवामान, निकाल. तो दुसऱ्या गावी गेल्यावर दर रविवारी सकाळी फोन यायचा आणि मी विचारून लिहायची. सुरुवातीला तो वैतागायचा. "आई, मी तीन किक मारल्या आणि हरलो, आणखी काय सांगू?" नंतर स्वतःहून क्रमाने सांगायला लागला.

मागच्या हिवाळ्यात क्लबचा सेक्रेटरी डेल घरी आला. साठीचा, उंच, निवृत्त शाळाशिक्षक. आधीच्या सेक्रेटरीचा लॅपटॉप बंद पडला होता आणि त्यातच सगळ्या जुन्या नोंदी होत्या.

"मिसेस के, शॅनच्या मॅचेस किती झाल्या?" त्याने विचारलं. आमचं आडनाव कारखानीस. अमेरिकेत ते पहिल्या अक्षरावरच थांबतं.

मी वही बघून सांगितलं, "एक्याण्णव." डेलने तो आकडा लिहून घेतला आणि दोन कप चहा पिऊन गेला. या मोसमात आठ झाल्या, म्हणजे नव्याण्णव.

बॅनर आमच्या बेसमेंटमध्ये झाला. मंडळाच्या गणपतीची सजावट दरवर्षी रुपाली बघते. ती मूळची नागपूरची, इथे बावीस वर्षं, आणि तिच्या हाताखाली मखर कधी वाकडं झालेलं नाही. या वर्षीच्या सजावटीचा निळा आणि पांढरा क्रेप कागद उरला होता. तिने चार बायका आणल्या, दोन संध्याकाळी बसून पट्ट्या जोडल्या, कडेने झालर लावली आणि मधोमध दीड फुटाचे आकडे चिकटवले. १, ०, ०. इंग्रजीतले, सगळ्यांना वाचता यावेत म्हणून.

"नीलाताई, एवढं सुंदर करून तो फाडणार?" तिने विचारलं.

"प्रथा आहे."

"आपण विसर्जन तरी करतो. हे म्हणजे डोकंच घालणार त्यात."

गिरीशने गाड्यांच्या सांगाड्यांवर काम करण्यात आयुष्य घालवलं. धडक बसल्यावर दरवाजा किती आत यावा, यावर त्याचे तीन पेटंट आहेत. त्याने बॅनरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पाइपचे खांब बसवले, मग मागे जाऊन बराच वेळ बघत राहिला.

"वाऱ्याने फाटेल," तो म्हणाला, आणि दोरे असलेली पॅकिंगची चिकटपट्टी घेऊन आला. मागच्या बाजूने तिरप्या चौकटी मारल्या. एक रीळ संपलं, दुसरं काढलं.

"बाबा, तो फाटायचा असतो," चारुता म्हणाली. आमची सून क्वचित टोकते.

"फाटायचाच आहे. पण वेळेआधी नाही."

मी तिथेच आकड्यांच्या कडा दाबत बसले होते. माझ्याही मनात शंका आली नाही, हे इथे नोंदवते.

मैदानावर पोहोचलो तेव्हा शंतनू गुडघ्याला पट्टी बांधत होता. नऊ वर्षांची अनिका त्याच्या शेजारी चेंडू जमिनीवर आपटत होती. आम्ही बॅनर गवतावर ठेवला, दगडांनी दाबला. रुपालीने बटाटेवड्यांचे डबे टेबलावर मांडले. सगळं वेळेत चाललं होतं.

समोरची टीम बझर्ड्स, दक्षिण ओहायोतून चार तास गाडी चालवून येणार होती. ते तीन गाड्यांनी निघाले आणि दोन गाड्यांनी पोहोचले. तिसरी टोलीडोच्या अलीकडे बंद पडली होती. डेलने मोजलं. अकरा.

"बारा लागतात," तो म्हणाला. "बाराच्या खाली लीग मॅच धरत नाही."

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. ज्या टीमकडे माणसं जास्त, तिने एक जण उसना द्यायचा. त्याने त्या दिवसापुरती समोरच्यांची जर्सी घालायची आणि आपल्याच मित्रांविरुद्ध खेळायचं. लून्सकडे सोळा जण होते. आणि लून्सकडून उसना जायचा तो नेहमी शंतनू.

सगळ्यांनी सवयीने त्याच्याकडे पाहिलं. मग बॅनर आठवला आणि सगळ्यांनी नजर वळवली.

"मी जातो," टायलर म्हणाला. हा लून्सचा नवा पोरगा, तेवीसचा, सोनेरी केसांचा.

बझर्ड्सच्या कॅप्टनने, ग्रेगने, खाली बघितलं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका क्लबाने त्यांना असाच एक उसना माणूस दिला होता. त्याने आपल्या दोस्तांच्या मागे पळायचा नुसता देखावा केला आणि बझर्ड्स नव्वद गुणांनी हरले होते. भांडण झालं होतं.

शंतनूने पट्टीचं शेवटचं टोक दाबलं आणि उभा राहिला. "टायलर, तू जेकला टॅकल करून पाडशील?"

"जेक माझा रूममेट आहे."

"म्हणूनच विचारलं." मग तो ग्रेगला म्हणाला, "जर्सी दे. मोठी असेल ती."

डेलने त्याला बाजूला घेतलं, पण डेलला हळू बोलता येत नाही. "शॅन, आज तू त्यांच्या यादीत गेलास तर तुझी शंभरावी होत नाही. दुसऱ्याच्या जर्सीतली धरत नाहीत."

"माहितीय."

"आणि मंगळवारनंतर तू..."

"डेल, ते चार तास गाडी चालवून आलेत. त्यांना खरी मॅच मिळू दे." आणि त्याने नारिंगी जर्सी डोक्यातून घातली. ती बेंबीपर्यंतच आली.

गिरीश वाऱ्याकडे बघितल्यासारखं करत राहिला. अनिका माझ्याजवळ आली. "आजी, सो देअर इज नो हंड्रेड?"

मला त्या वेळी डेलचं वाक्य टोचत होतं. दुसऱ्याच्या जर्सीतली धरत नाहीत. हे कुणी ठरवलं होतं?

मी पर्समधून वही काढली आणि डेलकडे गेले. "डेल, उसन्या मॅचेस मोजायच्या नाहीत, हा नियम कुठे लिहिलाय?"

तो गोंधळला. "लिहिलेला नाही, मिसेस के. पण तुम्हीच मोजल्या नव्हत्या ना? मागच्या हिवाळ्यात एक्याण्णव सांगितल्यात. मी विचार केला, तुम्ही धरत नाही म्हणजे धरत नसतील. तुमच्याइतकं नीट कोण मोजतं?"

मी वही उलटी केली. मागच्या बाजूने.

लॅबमध्ये एका रुग्णाचा नमुना दुसऱ्याच्या नमुन्यात मिसळला तर अनर्थ होतो. तिथे लागलेली सवय. २०१० साली शंतनू पहिल्यांदा उसना गेला, तेव्हा मी विचार केला की टीम वेगळी, परिस्थिती वेगळी, नोंद वेगळी हवी. म्हणून ती मॅच वहीच्या मागच्या पानावर लिहिली. पुढची उसनी तिच्या खाली. तारीख, गाव, जर्सीचा रंग, किक, झेल, निकाल. सगळं होतं. मी ते गाळलं नव्हतं, फक्त वेगळं ठेवलं होतं. आणि डेलने आकडा विचारला तेव्हा मी पुढचीच पानं बघून सांगितला होता.

"एकतीस," मी म्हटलं. "पुढच्या नव्याण्णव, या एकतीस. एकशे तीस."

डेल वहीवर वाकला. ग्रेगही आला. "पिवळी जर्सी, डेटन," त्याने बोट ठेवून वाचलं. "अरे, ही मी खेळलोय. याने मला चिखलात गाडलं होतं." पान उलटलं. "ही पण. इथे तो आमच्याकडून होता. ओह, हे नारिंगी सगळं आमचंच. सहा वेळा?"

"सात," मी म्हटलं. "एक पानाच्या मागे आहे."

डेलने चष्मा काढला. "म्हणजे आज एकशे एकतिसावी. मग शंभरावी कधी झाली?"

त्यासाठी दोन्ही बाजूंच्या तारखा एकत्र लावाव्या लागल्या. गिरीशने पेन काढलं आणि आम्ही दोघं वड्यांच्या टेबलावर बसलो. सहा मिनिटं लागली. शंभरावी मॅच मे २०२२ मध्ये इंडियानात झाली होती. उसनी. तपकिरी जर्सी, पाऊस, किक तीन, झेल एक, गोल शून्य, बहात्तर गुणांनी हार. शेऱ्यात मी लिहिलं होतं, "परतताना टायर पंक्चर. जेवण नाही."

डेलने ते मोठ्याने वाचून दाखवलं. दोन्ही टीम हसल्या, आणि सगळ्यात जास्त शंतनू. मग तो माझ्याकडे आला. तोकड्या नारिंगी जर्सीत तो दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा दिसत होता.

"आई, मला वाटायचं उसन्या असतील तर तू फक्त ऐकून घेतेस. लिहितेस हे माहीत नव्हतं."

"लिहिल्या होत्या. चुकीच्या ठिकाणी."

"बरं." त्याने वही हातात घेतली, पान न उलटता तशीच परत दिली. "पंक्चरचं कशाला लिहिलंस पण?"

"तू सांगितलं होतंस."

तेवढ्यात रुपालीला खरी अडचण दिसली. "अहो, पण बॅनरवर शंभर आहे."

"किती वेळ आहे?" मी डेलला विचारलं.

"दहा मिनिटं. ताणून बारा."

रुपाली कात्री घेऊन गवतावर बसली. शेवटच्या शून्यातून एक काढणं सोपं होतं. मधल्या शून्याची डावी कमान कापून तिने आत एक छोटी पट्टी चिकटवली. तीन झालं, जरा पोट सुटलेलं. "आता एवढ्यात एवढंच," ती म्हणाली. अनिकाने लांबून पाहून मान्यता दिली. "लुक्स लाइक अ थ्री. काइंड ऑफ."

बॅनर उभा केला. एका खांबाला गिरीश आणि टायलर, दुसऱ्याला ग्रेग आणि जेक. वारा आला, बॅनर फुगला, पण एकही पट्टी सुटली नाही. गिरीशचा चेहरा बघण्यासारखा होता.

शंतनू तीस पावलं मागे गेला. दोन्ही टीम दोन बाजूंना उभ्या राहिल्या. नियमाने फक्त आपल्या टीमने उभं राहायचं असतं, पण आपली कुठली हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. तो पळत आला, खांदा पुढे केला आणि १३१ च्या बरोबर मधोमध आदळला.

बॅनर दोन फूट मागे गेला आणि त्याने शंतनूला परत फेकलं. तो गवतावर बसला.

लून्सपैकी कुणीतरी म्हणालं, "सोळा वर्षांत याला असं कुणीच टॅकल केलं नव्हतं."

"बाबा," शंतनू बसल्या जागेवरून म्हणाला, "यात काय घातलंय?"

"फक्त टेप," गिरीश म्हणाला. "दोन रिळं."

चारुता माझ्या शेजारी उभी होती. ती काहीही बोलली नाही आणि तिने ते फार छान केलं.

"गुडघा?" मी ओरडून विचारलं.

"ठीक आहे. अहंकार दुखतोय." तो उठला. या वेळी टायलर आणि जेकने खांब सोडले आणि मागून आले. मग ग्रेगही आपला खांब डेलच्या हातात देऊन आला. मग नारिंगी आणि निळे मिळून सगळे सव्वीस जण शंतनूला पुढे घालून एकदम पळाले. खांब गिरीशच्या आणि डेलच्या हातांतून निसटले. बॅनर फाटला नाही. तो त्या सगळ्या घोळक्याला गुंडाळला गेला, आणि तसाच, झालरीसकट, ते त्याला पार मैदानाच्या मध्यापर्यंत ओढत घेऊन गेले. तिथे त्यातून बाहेर पडायला त्यांना दोन मिनिटं लागली. कुणाचा तरी बूट आत राहिला होता.

मॅच खरी झाली. शंतनू पहिल्या मिनिटापासून लून्सच्या सगळ्यात चांगल्या माणसाला, म्हणजे जेकलाच, चिकटला. जेक दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघून म्हणत होता, "तू घरी जा ना यार." हा 'यार' त्याला शंतनूनेच शिकवलाय. दोनदा शंतनूने त्याला आडवा केला. दोन्ही वेळा हात देऊन उठवलं.

शेवटच्या भागात बझर्ड्स चार गुणांनी मागे होते. चेंडू तीन जणांच्या हातांतून सुटून खांबांपासून वीस पावलांवर शंतनूच्या पुढ्यात पडला. तो तिथे असायला नको होता, मागच्या फळीत असायला हवा होता. थकून चालत चालत तिथे पोहोचला होता, असं त्यानेच नंतर सांगितलं. त्याने उचलला आणि डाव्या पायाने मारला, कारण उजवा दुखत होता. चेंडू उंच गेला नाही, सरळही गेला नाही. एक टप्पा घेऊन, वाकडा वळून, मधल्या दोन खांबांतून गेला.

गोल बारावा. लून्स दोन गुणांनी हरले.

"काय रे शॅन," डेल म्हणाला, "एकशे एकतीस मॅचेस झाल्या तरी आपली साइड कुठली ते कळत नाही का?"

बझर्ड्सनी त्याला खांद्यावर घेतलं, लून्सनी त्यांच्याकडून हिसकावून घेतलं, आणि मधे कुठेतरी तो जवळजवळ पडला. मग सगळे बटाटेवड्यांवर आले. बंद पडलेल्या गाडीतले चार जण तेव्हाच टो-ट्रकमधून पोहोचले. त्यांना मॅच मिळाली नाही, वडे मिळाले.

ऑपरेशन नीट झालं. बॅनर आमच्या बेसमेंटमध्ये आहे, अखंड. रुपाली पुढच्या वर्षी मखराच्या मागे लावायचा म्हणते, फक्त आकडे काढून. गिरीशला वाटतं आकडेही राहू द्यावेत, कारण ते काढायचा प्रयत्न केला तर निघणार नाहीत.

दोन आठवड्यांनी डेलने शेडमधली फळी दाखवायला बोलावलं. त्या फळीवर नावं शंभरावी मॅच झाली त्या सालाच्या क्रमाने आहेत. शेवटचं नाव २०२४ चं होतं, आणि त्याच्या वर जागा नव्हती. म्हणून शंतनू कारखानीस हे नाव त्याच्या खाली आलं आहे, आणि पुढे साल आहे २०२२. बघणाऱ्याला ती रंगवणाऱ्याची चूक वाटते. डेलने विचारलं, सगळी फळी पुसून नव्याने क्रम लावू का? मला अशा गोष्टी खटकतात, हे त्याला आता माहीत आहे.

मी म्हटलं, राहू दे.